उपाशी मनाचा कारभार

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण ज्या कोणा अनामिक मराठी माणसाने प्रथम उच्चारली असेल, त्याने मानसशास्त्राची कोणतीही परीक्षा दिलेली नव्हती. पण खाण्यावर बंधन घातले की खाणे कमी होण्याऐवजी पुष्कळदा वाढते, ही जी विलक्षण गोष्ट त्याने हेरली, तिची रीतसर तपासणी व्हायला १९७५ साल उजाडावे लागले, आणि तीही अमेरिकेतील एका विद्यापीठात, विद्यार्थिनींच्या हाती मिल्कशेकचे पेले देऊन करावी लागली.

कोणत्याही कचेरीत आढळेल असा एक गृहस्थ डोळ्यांसमोर आणा. कर्जाचे हप्ते बिनचूक भरणारा, वरिष्ठांचे बोलणे निमूटपणे गिळणारा, मुलांच्या शिक्षणासाठी स्वतःच्या हौशीमौजींना खुशाल मुरड घालणारा असा हा माणूस पाडव्याच्या मुहूर्तावर साखर आणि तळण वर्ज्य करण्याचा संकल्प सोडतो आणि आठवडाभर तो कसोशीने पाळतोही. मग कोणा सहकाऱ्याच्या निरोपसमारंभात त्याचा हात एका कांदाभज्याकडे जातो. एका भज्याने कोणाच्या कमरेचा घेर वाढत नाही, हे त्याला कळते. पण ते पोटात गेल्यावर दुसरे, तिसरे असे करीत बशी रिकामी होते, घरी जाताना पावशेर जिलबीही बांधून घेतली जाते आणि ‘आता सोमवारपासून’ अशी मनाची समजूत घालून तो रात्री पोटभर जेवतो. पहिल्या भज्याचा खुलासा सोपा आहे, कारण भजे रुचकर असते. कोडे आहे ते दुसऱ्यापासून दहाव्यापर्यंतच्या भज्यांचे.

या कोड्याचे प्रचलित उत्तर म्हणजे निग्रहाचा अभाव. मला हे उत्तर आळशीपणाचे वाटते. जो माणूस वीस वर्षे न चुकता कर्ज फेडतो, त्याच्या ठायी निग्रह नाही असे म्हणणे म्हणजे प्रश्न सोडवण्याऐवजी प्रश्न विचारणाऱ्यावरच आरोप ठेवण्यासारखे आहे.

मैदानाखालचे छत्तीस तरुण

उपासमारीने मनात काय घडते, याची आजवरची सर्वांत सूक्ष्म नोंद दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस झाली. युरोपात लक्षावधी माणसे अन्नावाचून खंगली होती, आणि युद्ध संपल्यावर त्यांना पुन्हा कसे पोसावे याचे शास्त्र कोणापाशी नव्हते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात फुटबॉलच्या मैदानाच्या सज्जाखाली अँसेल कीज या शरीरशास्त्रज्ञाची प्रयोगशाळा होती. तेथे १९४४ च्या नोव्हेंबरात छत्तीस निरोगी तरुण स्वेच्छेने दाखल झाले. सदसद्विवेकबुद्धीच्या कारणास्तव शस्त्र धरण्यास नकार दिलेले हे तरुण होते. लढाईवर न जाताही माणसांच्या काही उपयोगी पडावे, अशी त्यांची इच्छा होती. म्हणजे ध्येयनिष्ठेत ही मंडळी सामान्य माणसाहून काकणभर सरसच होती, ही गोष्ट पुढील हकिकत वाचताना ध्यानात ठेवावी.

पहिले बारा आठवडे त्यांना दिवसाला सुमारे ३२०० उष्मांकांचा आहार मिळाला. उष्मांक म्हणजे अन्नातून मिळणाऱ्या ऊर्जेचे माप. फेब्रुवारी १९४५ पासून पुढील चोवीस आठवडे हे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर, सुमारे १६०० उष्मांकांच्या आसपास, आणण्यात आले. पाव, बटाटे, शलगम, मॅकरोनी असे युरोपातील दुष्काळी अन्न दिवसातून दोन वेळा मिळे, आणि आठवड्याला बावीस मैलांची पायपीट सक्तीची असे. येथे थोडे थांबून लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की १६०० उष्मांक हा आकडा काही भयंकर नाही. आज वजन उतरवण्यासाठी वाटल्या जाणाऱ्या कित्येक आहारतक्त्यांत याहूनही कमी आकडा सापडतो.

वजन सुमारे चतुर्थांशाने घटले, हे अपेक्षितच होते. अपेक्षित नव्हते ते त्यांचे वागणे. ज्यांनी पूर्वी स्वयंपाकघरात पाऊलही टाकले नव्हते, ते पाककृतींची पुस्तके जमवू लागले आणि रात्री उशिरापर्यंत कादंबरीसारखी वाचू लागले. समोर आलेले तुटपुंजे जेवण लांबावे म्हणून त्यात पाणी घालायचे, घासाघासाला वेळ काढायचा, शेवटी ताट चाटून पुसायचे, असे प्रकार सुरू झाले. चहा-कॉफी आणि च्युइंगम यांचा खप इतका वाढला की त्यांवर मर्यादा घालावी लागली. राजकारण, धर्म, स्त्रिया या विषयांतले स्वारस्य ओसरले. संभाषण फिरून फिरून जेवणावर येई. आणि एक जण, ज्याने आपल्या विवेकबुद्धीसाठी सैन्यभरतीचा हुकूम नाकारला होता, तो गावात गेला असता एकाएकी ताळतंत्र सोडून बिस्किटे, पिशवीभर मक्याच्या लाह्या आणि दोन अतिपिकलेली केळी खाऊन मोकळा झाला. कीज यांना नियम करावा लागला की यापुढे कोणीही सोबत्याशिवाय बाहेर पडायचे नाही.

आहारबंदी उठल्यावरचे वर्तनही तितकेच बोलके आहे. पुरेसे अन्न मिळू लागल्यावरही कित्येकांची भूक भागेना. काही जण दिवसाला पाच हजारांहून अधिक उष्मांकांचे अन्न खाऊनही अतृप्त राहात. पोट तुडुंब भरलेले असे, तरी खावेसे वाटे. वजन पूर्वपदावर येताना चरबी आधी आणि अधिक परतली. प्रयोगातील तिघे पुढे आपला व्यवसाय सोडून स्वयंपाकी झाले! कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० साली या सर्वांची कैफियत दोन जाडजूड खंडांत प्रसिद्ध केली.

आपल्या कचेरीतला गृहस्थ अर्थातच उपासमारीने खंगलेला नाही. पण अन्नाचा विचार डोक्यातून न जाणे, दुसऱ्याच्या ताटाकडे लक्ष लागणे, रात्री यूट्यूबवर मिसळीचे व्हिडिओ पाहात बसणे ही लक्षणे सौम्य प्रमाणात त्याच्याही ठायी उमटतात, आणि ती त्याच्या स्वभावातून उगवलेली नसून आहार घटवण्यातून उगवलेली असतात.

कारभाऱ्याची काटकसर

जुन्या संस्थानातील एखादा मुरब्बी कारभारी कल्पावा. वसूल घटल्याची खबर दफ्तरी आली की तो धनी काय म्हणतो याची वाट पाहात नाही; रोषणाई बंद करतो, शागिर्दपेशा कमी करतो, दुरुस्त्या तहकूब ठेवतो, आणि वसुलीसाठी चहूकडे ताकीदपत्रे धाडतो. पुढे चांगले पीक आले तरी तो सढळपणे खर्च करीत नाही, कारण एकदा दुष्काळ पाहिलेला माणूस आधी खजिना भरून घेतो. शरीर आपल्या ऊर्जेचा कारभार नेमका याच रीतीने चालवते. धन्याने दुष्काळ हौसेने ओढवून घेतला आहे, ही गोष्ट त्याला कळण्याचा मार्ग नसतो.

मिनेसोटातील तरुणांची नाडी सरासरीने मिनिटाला ५५ ठोक्यांवरून ३५ वर आली, भर उन्हाळ्यात त्यांना थंडी वाजू लागली, आणि निपचित पडलेल्या अवस्थेत शरीर चालवण्यासाठी जो किमान खर्च लागतो तो जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी झाला. ही झाली खर्चातील काटछाट. वसुलीची ताकीदपत्रे म्हणजे संप्रेरके, अर्थात रक्तातून निरोप पोहोचवणारी द्रव्ये.

> चौकट : दोन निरोप्ये
> लेप्टिन – चरबीच्या पेशींत तयार होते. चरबी भरपूर असली की ते अधिक, चरबी घटली की कमी. ते कमी झाले की मेंदू ‘साठा आटत आहे’ असे समजतो. जेफ्री फ्रीडमन यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात १९९४ साली त्याचा शोध लावला.
> घ्रेलिन – मुख्यतः जठरात तयार होते. जेवणाच्या वेळेआधी रक्तात वाढते, जेवल्यावर उतरते, आणि भूक चेतवते. १९९९ साली जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी ते शोधले.
> आहार घटवून वजन उतरवले की पहिले कमी होते व दुसरे वाढते. म्हणजे दोघांचाही निरोप एकच पडतो, ‘खा’.

ही स्थिती आठवड्या-दोन आठवड्यांत निवळत असेल, अशी आशा करण्यास जागा होती. ती २०११ साली मेलबर्न विद्यापीठातील संशोधकांनी हिरावून घेतली. त्यांनी पन्नास स्थूल माणसांना दहा आठवडे अत्यल्प उष्मांकांवर ठेवले. वजन सरासरी साडेतेरा किलोने उतरले. वर्षभराने पाहिले तेव्हा काही वजन परत आले होते, पण भुकेची संप्रेरके अजूनही दुष्काळाचीच भाषा बोलत होती आणि माणसेही प्रयोगापूर्वीपेक्षा अधिक भूक लागते असे सांगत होती. त्याहून टोकाचे उदाहरण अमेरिकेतील वजन उतरवण्याच्या एका दूरचित्रवाणी-स्पर्धेतील चौदा स्पर्धकांचे आहे. त्यांनी सरासरी ५८ किलो वजन घालवले. सहा वर्षांनी, २०१६ साली केव्हिन हॉल यांनी प्रसिद्ध केलेल्या तपासणीत, त्यातले ४१ किलो परत आलेले दिसले, आणि तरीही त्यांच्या शरीराचा विश्रांतीतील खर्च त्या वजनाच्या माणसाचा असायला हवा त्यापेक्षा दिवसाला सुमारे ५०० उष्मांकांनी कमीच होता. एवढी कडक स्पर्धा सामान्य माणूस करीत नाही, तेव्हा हे आकडे जसेच्या तसे स्वतःला लावून घेण्याचे कारण नाही. दिशा तेवढी ध्यानात घ्यावी.

दुसऱ्या भज्याचे मानसशास्त्र

शरीराच्या कारभाराने भूक समजते; पण भरल्या पोटी खाल्लेल्या दहाव्या भज्याचा उलगडा तेवढ्याने होत नाही. त्यासाठी आरंभी उल्लेखिलेल्या मिल्कशेककडे वळले पाहिजे.

पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी विद्यार्थिनींना चवीच्या परीक्षणाच्या मिषाने बोलावले. काही जणींना मिल्कशेक दिले नाही, काहींना एक पेला दिला, काहींना दोन. मग प्रत्येकीपुढे वेगवेगळ्या स्वादांचे आइस्क्रीम ठेवले आणि सांगितले, चव पाहून अभिप्राय लिहा, हवे तेवढे खा. खरी मोजणी अर्थातच पोटात गेलेल्या आइस्क्रीमची होती. ज्या मुली एरवी खाण्याकडे फारसे लक्ष देत नसत, त्यांचे वर्तन आपल्या अंदाजाप्रमाणेच निघाले. मिल्कशेक प्यालेल्यांनी आइस्क्रीम कमी खाल्ले. परंतु ज्या सदैव पथ्यावर असत, त्यांच्यात चक्र उलटे फिरले. पोट रिकामे असताना त्या जपून खात होत्या, आणि मिल्कशेक पोटात गेल्यावर अधिक खाऊ लागल्या.

पुढच्याच वर्षी जॅनेट पोलिव्ही यांनी याहून मार्मिक प्रयोग केला. मिल्कशेकच्या जागी पुडिंगची योजना करून त्यांनी काहींना ते भारी उष्मांकांचे आहे असे सांगितले, काहींना हलके आहे असे. पथ्यावर असलेल्यांनी नंतर किती खाल्ले हे पुडिंगमध्ये खरोखर काय होते यापेक्षा त्यात काय आहे असे त्यांना वाटले यावर अधिक अवलंबून होते. म्हणजे संयमाचा दोर तोडणारी गोष्ट जठरात नव्हती, समजुतीत होती.

हर्मन आणि पोलिव्ही यांनी मांडलेला उलगडा असा. सर्वसाधारण माणूस खाणे थांबवतो ते तृप्तीच्या संवेदनेने. पथ्य करणारा मात्र तृप्ती येण्याच्या फार आधी, स्वतःच आखलेल्या नियमापाशी थांबतो; आणि वर्षानुवर्षे असे केल्याने पोटाकडून येणाऱ्या सूचना ऐकण्याची त्याची सवय मोडते. नियम शाबूत आहे तोवर त्याचे खाणे इतरांपेक्षा कमी असते. पण नियमाला कमी-अधिक हा प्रकार माहीत नसतो. तो पाळला जातो किंवा मोडला जातो. पहिल्या भज्यासरशी ‘आजचा दिवस बुडाला’ असा निवाडा होतो, आणि बुडालेल्या दिवशी आणखी नऊ भजी खाल्ल्याने काही अधिक बुडत नाही, हा हिशेब नियमाच्या दृष्टीने अगदी चोख असतो. उष्मांकांच्या दृष्टीने तो चुकीचा असतो, पण त्या घटकेला उष्मांकांचा हिशेब कोणी मांडत नाही. सोमवारचा वायदाही याच निवाड्यातून निघतो; सोमवारी नियमाची वही कोरी मिळणार असते, म्हणून शनिवारची रात्र आणि अख्खा रविवार सुटीत जातो.

या प्रकाराला प्रयोगशाळेबाहेर सरसकट मान्यता आहे असे मात्र समजू नये. २००९ साली काही संशोधकांनी पथ्य करणाऱ्यांना रोजच्या जीवनातील खाण्याची नोंदवही ठेवायला लावली, तेव्हा नियम मोडल्यावर ते हमखास अधिक खातात असे दिसले नाही. माझा कल या दोन निष्कर्षांना एकत्र ठेवण्याकडे आहे. जिथे नियम काटेकोर, पदार्थ मुबलक आणि खाण्याला निमित्त तयार असते, तिथे दोर तुटण्याचा संभव मोठा. आणि आपल्याकडचा निरोपसमारंभ या तिन्ही अटी पुऱ्या करतो.

उपासाचे ताट

मग प्रश्न येतो की आमच्या आज्या-पणज्या जन्मभर एकादश्या, चतुर्थ्या, श्रावणी सोमवार आणि चातुर्मासाचे नाना नेम करीत आल्या, त्यांचा दोर का तुटला नाही? याचे उत्तर देण्यापूर्वी उपासाचे ताट जरा जवळून पाहू. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट; कोरड्या शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या घरात उष्मांक. त्यात शेंगदाण्याचे कूट, म्हणजे शंभर ग्रॅमला साडेपाचशेहून अधिक, आणि वर साजूक तूप. सोबत बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस. जाता जाता सांगायचे तर बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची आणि ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, हे सारे अमेरिका खंडातून आलेले. तेराव्या शतकात व्रतखंड रचणाऱ्या हेमाद्रीने यातले एकही पाहिले नव्हते, आणि आज त्यांच्यावाचून उपास मोडतो असे आपल्याला वाटते.

असे ताट वजन उतरवत नाही हे उघड आहे. पण ‘हे उपासाचे आहे’ असे म्हटल्यावर ते थोडे जास्तही वाढून घेतले जाते, यामागचे कारण मात्र संशोधनात सापडते. पोलिव्ही, हर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच बिस्किटे काहींना आरोग्यदायी म्हणून आणि काहींना मिष्टान्न म्हणून दिली, तेव्हा पहिल्यांनी सुमारे ३५ टक्के अधिक खाल्ली. पदार्थावर पुण्याची मोहोर उठली की हात सैल सुटतो. आपल्या म्हणीतील दुप्पट खाणे हे बहुतांशी या जातीचे असावे.

आज्यांच्या उपासाचे मर्म मला वेगळे वाटते. त्याला मुदत होती. द्वादशीला पारणे ठरलेले असे, त्यामुळे वंचना कधी संपणार हे आधीच ठाऊक असे, आणि चुकून उपास मोडलाच तर त्याची भरपाई पुढच्या एकादशीला होई. मधले पंधरा दिवस ‘बुडाले’ असे कोणी मानत नसे. शिवाय त्याचा वजनाशी संबंध नव्हता, म्हणून काट्याकडे पाहून हिरमुसण्याचा प्रसंगही येत नसे. पथ्याला ना मुदत, ना पारणे. ज्या दिवशी पथ्याच्या हेतूने उपास धरला जातो, त्या दिवशी तो नावाचा उपास राहतो आणि त्याला पथ्याचे सगळे दोष लागतात.

जेवलो, हे कोणाला आठवते?

तृप्ती ही पोटाची गोष्ट आहे ही समजूत आणखी एका बाजूने ढासळते. पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दोन अशा रुग्णांचे निरीक्षण प्रसिद्ध केले, ज्यांना मेंदूच्या इजेमुळे मिनिटभरापूर्वीचे काही आठवत नसे. पूर्ण जेवण झाल्यावर दहा ते तीस मिनिटांनी पुन्हा ताट समोर ठेवले, तर ते पुन्हा जेवत. आणि त्यानंतर तिसरे ताट आले तरी बहुधा तेही सुरू करीत. पोट भरलेले होते. ‘मी जेवलो’ ही आठवण नव्हती.

शाबूत स्मृतीच्या माणसांतही हा दुवा काम करतो. बर्मिंगहॅम विद्यापीठातील सुझान हिग्ज यांनी दुपारनंतर बिस्किटे पुढे करण्याआधी काही जणींना आजच्या दुपारच्या जेवणाविषयी आठवून लिहायला सांगितले. त्यांनी इतरांपेक्षा कमी बिस्किटे खाल्ली. याउलट दूरचित्रवाणी पाहात जेवलेल्यांनी पुढे अधिक खाल्ली, आणि जेवणाची त्यांची आठवणही धूसर निघाली. या क्षेत्रात सगळेच संशोधन इतके विश्वासार्ह नाही. ताट लहान घ्या म्हणजे कमी जेवाल, या लोकप्रिय सल्ल्याचे पुरस्कर्ते ब्रायन वान्सिंक यांचे सहा निबंध एका वैद्यकीय नियतकालिक-समूहाने २०१८ साली मागे घेतले, आणि कॉर्नेल विद्यापीठाने त्यांच्या संशोधनात गैरवर्तन आढळल्याचे जाहीर केले. तेव्हा ताटांची नवी खरेदी करण्याची घाई नको.

ज्यांना मधुमेहासाठी किंवा सांध्यांसाठी वजन उतरवणे भागच आहे, त्यांना वरील विवेचनातून दोन-तीन गोष्टी व्यवहारात आणता येतील. आहार एकदम निम्म्यावर न आणता थोडा थोडा घटवला तर शरीराची काटकसर तितकी तीव्र होत नाही. ‘कधीच नाही’ असे पदार्थ यादीत जितके कमी, तितके नियम मोडण्याचे प्रसंग कमी. आठवड्यातून एकदा ठरवून खाल्लेली दोन भजी नियमाच्या आतच बसतात. चुकून खाणे झाले तर पुढचे जेवण नेहमीच्या वेळी, नेहमीच्या प्रमाणात घ्यावे. ते टाळून भरपाई करायला गेले की संध्याकाळी पुन्हा तेच चक्र. आणि एखाद्या आहारतज्ज्ञाने तक्ता हाती देण्याआधी ‘काल जेवताना समोर काय चालू होते?’ असे विचारले, तर तो प्रश्न अवांतर समजू नये.